वहीतला दुसरा रकाना



हनुक्काच्या सुट्टीत माझ्या नातवाने माझ्या कॉम्प्युटरवर जमाखर्चाचा प्रोग्राम घालून दिला. त्यात प्रत्येक खर्चापुढे दोन रकाने. एकात प्रकार लिहायचा, म्हणजे किराणा, औषध, तिकीट. दुसऱ्यात 'प्रोजेक्ट'. मी म्हटलं, "बाळा, मी काय पूल बांधायला निघाले आहे?" तो हसला आणि गेला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो दुसरा रकाना मला नीट समजला. तो नव्हता म्हणून माझ्या एका जिवलग मैत्रिणीचे तिच्या सख्ख्या भावाशी चार वर्षे बोलणे बंद होते.

१९६७ साली मी मुंबईला नर्सिंग शिकायला लागले, तेव्हा ती माझ्या खोलीत होती. रत्नागिरी जिल्ह्यातली मुसलमान मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सगळे हॉस्टेल तिला आपा म्हणे. शुक्रवारी संध्याकाळची माझी ड्यूटी ती घ्यायची, ईदला तिची मी. १९७३ साली मी इस्रायलला आले. त्याच वर्षी तेलाचे भाव चढले आणि सौदी अरबस्तानात पैशाचा पूर आला. नवी हॉस्पिटले उभी राहिली, नर्सेस हव्या झाल्या. कोकणातल्या कितीतरी घरांतून एकेक माणूस तिकडे गेला. आपा १९७९ साली जेद्दाला गेली. नकाशात पाहा मुलांनो, आपले एलात आणि तिचे जेद्दा एकाच तांबड्या समुद्राच्या पाण्यावर आहेत. पण आमची पत्रे सरळ जात नसत. ती मुंबईला माझ्या मावशीच्या घरी जायची आणि तिथून पुढे.

राहायला हॉस्पिटलचे क्वार्टर, बाजारात न्यायला हॉस्पिटलची बस, पगारावर इन्कमटॅक्स नाही. त्यामुळे आपाचा बहुतेक पगार वाचे आणि ड्राफ्टने गावी जाई. तिकडचे सरकारी पगार तेव्हा हिजरी महिन्याप्रमाणे होत. २०१६ पर्यंत तसेच चालले. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून तिच्या वहीत तारखा दोन-दोन. आपल्या लोकांना हे नवल नाही, आपणही तिश्री आणि सप्टेंबर दोन्ही सांभाळतो.

आपा हिशेबाला पक्की. तारीख, रियाल, रुपये, ड्राफ्टचा नंबर, सगळे लिहिलेले. पण त्यापुढे दोनच शब्द : 'घरी पाठवले'. तेरा वर्षे तेच दोन शब्द.

१९९२ साली ती परत आली. गावात नवे घर उभे होते. तिने भावाकडे त्यातल्या दोन खोल्या मागितल्या. तिच्या मनात हे घर तिच्याच पैशांनी झाले होते. भाऊ म्हणाला, "तुझे पैसे अब्बांच्या दुखण्यात आणि बहिणींच्या लग्नांत गेले, घराला मी कर्ज काढलं." वही उघडली, पण वही काय सांगणार? बेरीज बरोबर होती आणि उत्तर कुठेच नव्हते. दोघेही खरे बोलत होते, तरी दोघांनाही वाटले की समोरचा खोटे बोलतो आहे.

१९९६ साली मी मुंबईला गेले. आपा एक पत्र्याची पेटी घेऊन आली. आत भावाची जुनी पत्रे आणि ड्राफ्टच्या पावत्या. आम्ही दोघी तीन दिवस मावशीच्या घरी जमिनीवर बसलो. पत्रात काय मागितले आणि त्यानंतर कोणता ड्राफ्ट गेला, हे जोडत तीन ढीग केले : घर, लग्ने, अब्बा. शेवटी बेरीज केली तर अब्बांच्या किडनीच्या दुखण्याचा ढीग सर्वांत मोठा निघाला आणि घराचा सर्वांत लहान. भाऊ बरोबर होता. आपा बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाय, पैसे कधी गेले ते लिहिलं, किती गेले ते लिहिलं, कशासाठी गेले ते लिहिलंच नाही." दुसऱ्या दिवशी ती गाडीने गावी गेली. भावाने दार उघडले आणि कागद बघायलाही मागितले नाहीत. पण कागद होते म्हणून तर ती गेली!

आता तो दुसरा रकाना सांगते. नर्सला तो समजायला सोपा. वॉर्डात एक इंजेक्शन दिले की आपण दोन जागी लिहितो. औषधांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे साठा किती उरला ते कळते. आणि पेशंटच्या केसपेपरवर, म्हणजे या माणसाला काय-काय दिले ते कळते. प्रकार म्हणजे रजिस्टर, प्रोजेक्ट म्हणजे केसपेपर. लग्नात तिकीट येते, कपडा येतो, जेवण येते. प्रकार वेगवेगळे, पेशंट एकच. आणि पेशंट काही महिनाअखेरीला बरा होत नाही. तसेच काम जानेवारीत सुरू होऊन पुढच्या वर्षी संपले, तरी त्याचा कागद एकच राहतो.

क्विकन नावाच्या प्रोग्राममध्ये याला पूर्वी क्लास म्हणत, आता टॅग म्हणतात. नाव काहीही असो, काम तेच.

आपाचा भाचा आज जेद्दाला लॅबमध्ये आहे, बायको आणि दोन मुले बरोबर. तिकडे परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे सरकारला फी भरावी लागते. २०१७ साली ती महिना १०० रियाल होती, दरवर्षी १०० ने वाढत २०२० साली ४०० झाली. तिघांचे महिना १,२००, वर्षाचे १४,४०० रियाल. पूर्वी तो ही रक्कम 'सरकारी फी'त, शाळा 'शिक्षणा'त आणि विमान 'प्रवासा'त लिहायचा. सगळ्यांवर 'कुटुंब इथे' अशी एकच खूण केल्यावर नवरा-बायकोला खरा आकडा दिसला. मग काय ठरवले तो त्यांच्या घरचा प्रश्न. पण दोघांनी एकच कागद बघून ठरवले.

त्याच्याकडून शिकलेल्या गोष्टी थोडक्यात देते.

एक, एका ड्राफ्टमध्ये तीन कामांचे पैसे असतील तर नोंद फोडायची आणि प्रत्येक तुकड्याला त्याच्या कामाचे नाव द्यायचे.

दोन, आपल्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलेला पैसा खर्च नव्हे. तो खर्चात धरला तर एकच रुपया दोनदा मोजला जातो.

तीन, दोन देशांचे चलन असेल तर त्या दिवशीचा भाव नोंदीतच लिहावा. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, पण रुपया हलत राहतो.

चार, कामाला जमाही जोडता येते. सौदीत नोकरी संपली की कायद्याने रक्कम मिळते : पहिल्या पाच वर्षांची दरवर्षी अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी, पुढे दरवर्षी एका महिन्याच्या. दहा वर्षे भरायच्या आत स्वतः राजीनामा दिला तर कमी. भाचा ती 'गावचे घर' या नावाखाली धरणार आहे.

पाच, नावे थोडी ठेवा. वीस कामे काढली तर एकाचाही कागद पुरा होत नाही.

मी दोनच नावे घातली आहेत : 'नातवाची बार मिट्झवा' आणि 'आईबाबांच्या कबरी'. दुसऱ्यासाठी आम्ही पाच भावंडे पैसे काढतो, कोकणातले काम आहे. आता मी दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एक पान छापून देते. धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, आमचा काय तुझ्यावर विश्वास नाही?" मी म्हणते, विश्वास आहे तोवरच कागद करून ठेवावा, बाबा. नंतर फार उशीर होतो.

मुलांनो, आजी-आजोबांना हा दुसरा रकाना भरायला मदत करा. आणि आजीआजोबांनो, कॉम्प्युटर नसेल तर साध्या वहीतही एक रेघ जास्त मारता येते.

चूकभूल द्यावी घ्यावी.