लिहून देणार क्रमांक एक

हक्कसोडपत्रावर सही करायला निफाडला निघाले तेव्हा माझ्या मनात कसलीही अढी नव्हती, हे आधीच सांगते. वडील गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर आई, दादा, ताई आणि मी अशी चार नावं लागली. द्राक्षबागेवर कर्ज काढायचं तर सोसायटी चौघांच्या सह्या मागते. ऐन छाटणीत दादाने आम्हा बहिणींच्या सह्यांसाठी ठाण्याला पळायचं की नगरला? आमच्याकडे यावरचा उपाय ठरलेला आहे. बहिणी सही करतात, भाऊ साडीचोळी करतो, वहिनी पुरणावरणाचं जेवू घालते. मुलींना वाटा देणारा १९९४ चा राज्याचा कायदा मला माहीत होता, २००५ चा केंद्राचाही. आत्यांच्या वेळी तर सहीसुद्धा लागली नव्हती. वडिलांच्या नावामागे एकुम्या, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असं लागलं आणि आत्या इतर हक्कांच्या रकान्यात गेल्या. माझ्या नणंदांनीही आमच्यासाठी सोडलं आहे आणि ते परत करायला मी काही गेलेली नाही. तेव्हा तक्रार माझ्या वाट्याची नाही.

तक्रार आहे ती मसुद्याच्या पहिल्या पानाची.

दस्तलेखकाने कागद वाचायला दिला. लिहून घेणार म्हणून दादाचं नाव. खाली लिहून देणार, आणि तिथे क्रमांक एकला आई. दोनला ताई, तीनला मी. टाइप करणाऱ्याचा गोंधळ झाला असेल असं वाटून मी त्याला म्हटलं, अहो, सोडणाऱ्या आम्ही दोघी आहोत, आईचं नाव राहणार आहे. तो दादाकडे बघायला लागला. दादा म्हणाला, "एकदाच मोकळं होऊन जाऊ ना. पुन्हा तिच्यामागं वारसनोंद, पुन्हा तुम्हाला हेलपाटा." तिच्यामागं म्हणजे ती मेल्यावर. आई तिथेच बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

मी बाहेर आले आणि भांडले. झेरॉक्सच्या दुकानापुढे, लोकांसमोर. कायद्याने तिचा वाटा तुझ्याइतकाच आहे, म्हटलं. ही बाग लावली तेव्हा वडील पंचायत समितीच्या चकरा मारत होते आणि ही घड फुगावेत म्हणून जीएच्या पाण्यात बुडवत होती. दादा गप्प राहिला. ताईच मला म्हणाली, "आता कशाला?" ताईचं हे नेहमीचं आहे. तिला कुठलंही भांडण जेवणाच्या आत संपवायचं असतं.

शेवटी दादा म्हणाला, बरं, काढतो यातून आईचं नाव, दुसरा मसुदा करू. आणि आई म्हणाली, "राहू दे. झालंय ते बरंय."

मला ते अजून गिळता येत नाही. आई काही अडाणी बाई नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तेव्हा वडिलांनी तिला ट्रकमधून नेलं होतं. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून सांगितलं, तेव्हा वडिलांनी चारचौघांत कबूल केलं होतं की एक एकर हिच्या नावावर करतो. केलं नाही. वडिलांचा फोटो आजही संघटनेच्या बिल्ल्यासकट भिंतीवर आहे. आई तेव्हाही काही बोलली नव्हती, पण निदान तेव्हा नाव लागलेलंच नव्हतं. आता लागलं होतं. सातबाऱ्यावर छापलेलं नाव तिने स्वतःहून काढून दिलं.

निबंधक कार्यालयात नंबर लागला. तिचा अंगठा मशीन घेईना. कारकुनाने ओला बोळा दिला, पुसला, पुन्हा ठेवला, नाही. मग दुसरा हात. मग दादाने तिचा अंगठा धरून दाबला. कागदावर लिहिलं होतं की राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, विनामोबदला. मुद्रांक तेव्हा दोनशे रुपयांचा होता. साहेबांनी विचारलं, आजी, कशावर सही करताय माहीत आहे ना? ती म्हणाली, "पोराच्या नावावर करतेय." एवढं स्पष्ट तर ती डॉक्टरशीही बोलत नाही.

रात्री मी विचारलं. तिने आजीचं काढलं. आजीच्या नावावर दोन एकर होतं. तेवढ्यासाठी वडील आणि काका तिला महिना-महिना वाटून घ्यायचे, आणि ती ज्याच्या घरी असेल तिथे एखादा कागद तयार असायचा. "माझ्याकडं काही नसलं तर कोणी अंगठ्यासाठी धरून नेणार नाही," आई म्हणाली. यावर काय बोलायचं? मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. नाव असलेल्या बाईला निदान विचारावं तरी लागतं, मग अंगठ्यासाठी का असेना.

ज्यांच्या घरी हा प्रसंग यायचा आहे त्यांना एवढं सांगते. आईला सोडायला लावायचंच असेल तर दस्तात तिच्या सांभाळाची अट घाला. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्याचं कलम २३ बघा. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते. अट कागदावर नसेल तर पुढे बसा भांडत. आमच्या दस्तात ती नाही. मला तेव्हा सुचलं नाही आणि दस्तलेखकाने सुचवलं नाही.

आता माझ्याच बोलण्याला छेद देणारी गोष्टही सांगायला हवी. दादा आईला सांभाळतो, आणि उत्तम सांभाळतो. गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला त्याने केलं, बागेचे पैसे अडकलेले असताना. वहिनी तिला रोज वेळेवर गोळ्या देते. माझ्याकडे आई आठ दिवसांच्या वर टिकत नाही, आणि खरं सांगायचं तर नवव्या दिवशी मलाही ती जड होते. म्हणजे मी ज्याची भीती घातली ते काहीच झालं नाही. तरी तो दस्त आठवला की मला दादाचा राग येतो, आणि तो चांगला वागतो म्हणून जास्तच येतो.

आता गावठाणातल्या घराचं निघालंय. ड्रोनची मोजणी झाली, मिळकत पत्रिका होणार आहेत, आणि दादाने आमच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स मागितल्यात. ताईने पाठवल्या. मी अजून नाही. परवा दुपारी आईचा फोन आला, वहिनी मळ्यात गेली होती तेव्हा. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "घराच्या कागदावर माझं नाव आपोआप राहतं का गं, का सांगावं लागतं?"

"सांगावं लागतं," मी म्हटलं.

"मग तू सांग दादाला. मी म्हटलं म्हणून सांगू नको."