रिकाम्या जागा भरा

समजा तुमच्या हातात एक मोठी दुर्बीण आहे, पण वर्षातल्या फक्त वीसच रात्री. आणि आपल्या शेजारच्या, म्हणजे शंभरेक प्रकाशवर्षांच्या आतल्या ग्रहमालांमधला अजून कुणालाच न दिसलेला ग्रह हुडकायचाय. कुठून सुरुवात कराल?

आमच्या धंद्यात याला बॅकलॉग म्हणतात. कामं दोनशे, माणसं चार, आणि सोमवारी सकाळी प्रत्येकाचंच काम सगळ्यात अर्जंट. त्यामुळे गेले काही वीकेंड मी ग्रहशोधाबद्दल जे वाचतोय ते ग्रहांसाठी कमी आणि 'ही मंडळी प्रायॉरिटी ठरवतात तरी कशी' या कुतूहलापोटी जास्त.

पहिलं सुचणारं उत्तर सोपं आहे. जवळचा, सूर्यासारखा, शांत तारा घ्या आणि त्याच्याकडे बघत बसा. उदाहरणार्थ टाऊ सेटी, तिमिंगल तारकासमूहातला. अंतर जेमतेम १२ प्रकाशवर्षं, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १९६० साली फ्रँक ड्रेकने परग्रहावरचे रेडिओ संदेश ऐकायला जे दोन तारे निवडले त्यातला हा एक. म्हणजे उमेदवार म्हणून बायोडेटा झकास! २०१७ मध्ये त्याच्याभोवती चार ग्रह असल्याचं जाहीरही झालं. पण २०२३ मध्ये मोजणी आली की हा तारा आपल्याकडे जवळजवळ डोकं करून उभा आहे, आपल्याला त्याचा ध्रुव दिसतो. इथेच गोची आहे. ग्रह ताऱ्याला किंचित हलवतो आणि आपण मोजतो ते फक्त आपल्याकडे-येणं आणि आपल्यापासून-जाणं. वरून बघितलं तर ग्रह नुसतेच गोल फिरताना दिसणार, पुढे-मागे हलणं जवळपास शून्य. २०२५ मध्ये एस्प्रेसो नावाच्या अतिशय काटेकोर वर्णपटमापकाने तपासलं, तर त्या चार ग्रहांना दुजोरा मिळाला नाही. इतक्या वर्षांच्या इतक्या रात्री, आणि हातात काय? असो.

हे हलणं किती, तर आपली पृथ्वी सूर्याला हलवते सेकंदाला फक्त ९ सेंटीमीटरने. रांगणारं बाळ याहून जोरात जातं. आणि ताऱ्याचा पृष्ठभाग खिचडीसारखा सतत रटरटत असतो, त्याची हालचाल याच्या कितीतरी पट. त्यात स्वतःला फसवून घेणं फार सोपं. २०१२ साली अल्फा सेंटॉरी बी भोवती पृथ्वीएवढा ग्रह सापडल्याची बातमी जगभर गाजली होती. २०१५ मध्ये दाखवून दिलं गेलं की तो सिग्नल निरीक्षणं कोणकोणत्या रात्री घेतली त्या वेळापत्रकातून उगवलेला होता. ग्रह नव्हता, सॅम्पलिंग होतं. ज्याने कधी लॉग चाळून नसलेला पॅटर्न शोधलाय त्याला हे वाचून घाम फुटेल.

मग दुसरा रस्ता असा, की जिथे काही ग्रह आधीच सापडलेत तिथेच मधली किंवा पुढची रिकामी जागा भरायची. मला हा रस्ता जास्त पटतो. एक म्हणजे, जिथले ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसतात ती ग्रहमाला आपल्याला कडेने दिसतेय हे आधीच ठरलेलं असतं. एरवी पृथ्वी-सूर्यासारखी जोडी अशी नेमकी रेषेत दिसण्याची शक्यता साधारण दोनशेत एक. आणि दुसरं म्हणजे, ग्रह एकमेकांशी ताल धरतात.

हा ताल लाप्लासने गुरूच्या चंद्रांमध्ये पाहिला होता. गॅनिमीडची एक फेरी होईतो युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. आणि गंमत म्हणजे हेच सूत्र धरून आपल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी १९११ साली नेपच्यूनच्या पलीकडे दोन ग्रहांचं भाकित केलं होतं, फ्रेंच नियतकालिकात. नावं ठेवली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो साडेएकोणचाळीस पटीवर! वस्तुमान मात्र जमलं नाही, प्लूटो आपल्या चंद्रापेक्षाही खूप हलका निघाला. आणि विष्णूचा पत्ता नाही.

पण पद्धत वाया गेली नाही. ट्रॅपिस्ट-१ या चाळीस प्रकाशवर्षांवरच्या मिणमिणत्या ताऱ्याभोवती सात ग्रह आहेत. २०१७ मध्ये सातव्याचं एकच अधिक्रमण दिसलं होतं, त्यावरून त्याचं वर्ष किती दिवसांचं ते कळेना. मग बाकीच्या सहांच्या तालावरून काही मोजक्या शक्यता काढल्या. केपलर दुर्बिणीची ७९ दिवसांची निरीक्षणं आली आणि त्यातली एक तंतोतंत बसली, १८.७७ दिवस.

एचडी ११००६७ ची गोष्ट तर आमच्या लोकांसाठीच लिहिलीय असं वाटतं. अंतर शंभर प्रकाशवर्षं. आतले तीन ग्रह कळले होते, ९.११, १३.६७ आणि २०.५२ दिवसांचे, म्हणजे दर वेळी दीडपट. राफाएल लुके आणि मंडळींनी २०२३ मध्ये हाच ताल पुढे नेऊन उरलेल्या तिघांची वर्षं काढली, ३०.७९, ४१.०६ आणि ५४.७७. आणि पृथ्वी-चंद्राचा उजेड शिरल्यामुळे 'खराब' म्हणून बाजूला टाकलेला टेस दुर्बिणीचा डेटा पुन्हा साफ केला, तर त्यात भाकित केलेल्या वेळांनाच अधिक्रमणं लपलेली सापडली. डिलीट न करणाऱ्याला साष्टांग नमस्कार :)

आता यावर तुम्ही म्हणाल, भाकित केलं की तेच दिसायला लागतं. बरोबर आहे, आणि ही भीती खरीच आहे. मंगळ आणि गुरूच्या मधली मोकळी जागा कोष्टकात बसवून तिथे ग्रह हवाच असा हट्ट धरला होता, तर १८०१ मध्ये मिळाला सेरेस, हजार किलोमीटरही नाही. जागा रिकामी दिसली म्हणजे कुणी राहत असेलच असं नाही. पण या भाकितात एक चांगली गोष्ट आहे. ते तारीख-वेळ देतं. अमुक रात्री अमुक वाजता बघा, नसेल तर नाही. वीस रात्रींपैकी एक गेली, वीस वर्षं नाही. टाऊ सेटीने ती सोय कुणालाच दिली नाही.

अर्थात सगळ्यांनी माझं ऐकलं तर पृथ्वीसारखा ग्रह कधीच सापडायचा नाही, कारण हे तालातले ग्रह बहुतेक ताऱ्याला चिकटून फिरणारे, भाजलेले. म्हणून टेरा हंटिंग एक्स्पेरिमेंटची योजना मला आवडते, ला पाल्मा बेटावरून निदान चाळीस तारे, शक्य त्या प्रत्येक रात्री, दहा वर्षं. दहा वर्षं! आमच्याकडे दोन वर्षांत अख्खी टीम बदलते. यादीत कोण बसणार यावर तिथे किती कडाक्याची भांडणं होत असतील, विचार करा.

माझ्या वीस रात्री मात्र एचडी ११००६७ ला. सातवा असेल तर कुठे, तो हिशेब करून बघितला. चारास तीनचा ताल चालू राहिला तर ७३ दिवस, पुन्हा दीडपट झाला तर ८२. एक्सेल उघडावं लागलं नाही.