वेस्ना आणि वसंता

लुब्लियाना ही स्लोव्हेनियाची राजधानी. नदीकाठचा तिथला बाजार पाहावा तो ईस्टरच्या आधल्या रविवारापूर्वीच्या आठवड्यात. रंध्याने काढलेल्या लाकडाच्या रंगीबेरंगी ढलप्या हिरव्या डहाळ्यांबरोबर बांधून त्यांच्या जुड्या विकायला मांडलेल्या असतात. लोक त्या रविवारी चर्चमध्ये नेतात, आशीर्वादाचे पाणी शिंपडून घेतात आणि घरी जपून ठेवतात.

या देशात 'वेस्ना' नावाच्या बायका जागोजाग भेटतात. शेजारच्या क्रोएशियात आणि सर्बियातही. वेस्ना म्हणजे वसंत ऋतू. पण मौज अशी, की बाजारातल्या भाजीवालीला विचाराल, तर ती या ऋतूला 'पोम्लाद' म्हणेल. 'वेस्ना' तिथे उरली ती कवितेत आणि बारशाच्या पाळण्यात! 1953 सालच्या एका लोकप्रिय स्लोव्हेनियन चित्रपटाचे नाव 'वेस्ना', आणि तिथल्या चित्रपट महोत्सवातले पुरस्कारही 'वेस्ना'च. उलट रशियात 'वेस्ना' आणि पोलंडात 'व्योस्ना' हे रोजच्या बोलण्यातले शब्द. तिथे मुलीचे नाव म्हणून ते सहसा कोणी ठेवीत नाही.

पोलंडात व्योस्ना यायची, तर आधी हिवाळ्याला घालवावे लागते. 21 मार्चच्या सुमारास मुले गवताची बाहुली करतात, तिला फितींनी नटवतात आणि वाजतगाजत नदीवर नेतात. ही मार्झान्ना, म्हणजे मूर्तिमंत हिवाळा आणि मरण. तिला पेटवून पाण्यात टाकायचे आणि परतताना मागे वळून पाहायचे नाही. पुष्कळ गावांत येताना सजवलेली हिरवी फांदी आणीत. चर्चने 1420 साली ही चाल बंद करण्यास फर्मावले. चाल अजून चालू आहे.

होळी पेटवणाऱ्या आपल्या मनाला हे सारे ओळखीचे वाटते, आणि लगेच छाती फुगते: वेस्ना म्हणजे आमच्याच संस्कृतातला वसंत की! वर्गात विद्यार्थी असे म्हणाले, की मी हातातला खडू खाली ठेवतो. वेस्ना संस्कृतातून तिकडे गेलेली नाही. संस्कृत 'वसंत', लॅटिन 'वेर', लिथुआनियन 'वासारा' आणि स्लाव 'वेस्ना' ही एकाच फार जुन्या मुळाची लेकरे. त्यांत आई कोणीच नाही, सगळी भावंडे. मालकी सांगण्यापेक्षा हे नाते मला अधिक गोड वाटते.

आणि भावंडांचे नशीबही पाहा कसे सारखे! आपला शेतकरी कुठे 'वसंत आला' म्हणतो? तो म्हणतो, 'चैत लागला, ऊन तापलं.' पण 'अरे वसंता, जेवायला ये' ही हाक मात्र महाराष्ट्रातल्या किती आयांनी मारली असेल! तिकडे मुलगी, इकडे मुलगा, ऋतू एकच.