पांखरांचें गांव

गेल्या वर्षीं सहामाही परीक्षेंत आम्हीं भारद्वाज पक्ष्याचें चित्र देऊन त्याचें नांव विचारिलें होतें. वेल्ह्याकडील एका विद्यार्थ्यानें ‘कुंभारकावळा’ असें लिहिलें. पाठ्यपुस्तकांत तें नांव नव्हतें. आम्हीं लाल शाईनें तें खोडिलें, आणि पुढें विसरूनही गेलों.

पालकसभेच्या दिवशीं त्या मुलाची आजी आली. म्हणाली, “मास्तर, पोरगं म्हनतंय, आजे, तुजी नांवं चुकीची हायती. आता त्यो पाखरांच्या गोष्टी सांग म्हनत न्हाई.” तिच्या बोलण्यांत राग नव्हता, म्हणूनच आम्ही अधिक खजील झालों.

तिला बाकावर बसवून आम्ही नांवें ऐकूं लागलों. पाहतों तों, आपल्या पूर्वजांनीं रानांत एक गांवच वसविलें आहे! खोडावर चोंच मारणारा सुतार, पानें शिवून घरटें करणारा शिंपी, नीरेच्या कांठीं शेपटी वरखालीं आपटणारा परीट, भर उन्हांत टुक् टुक् हातोडी चालविणारा तांबट. कावळ्या-घारींस हांकून लावणारा काळा कोतवालही आहे, व त्याच्या आश्रयानें लहान पांखरें घरटीं बांधितात. मग या गांवीं कुंभार कां नसावा? भारद्वाजाचें तें रूढ नांवच आहे. आम्हांस ठाऊक नव्हतें, इतकेंच.

पावशा ‘पेरते व्हा’ म्हणूं लागला कीं आजीचे वडील भाजलेल्या राबांत भात पेरावयास निघत. हाच पक्षी हिंदी मुलखांत ‘पी कहाँ’ म्हणतो, आणि इंग्रजांस त्याच्या ओरडण्यांत मेंदूच्या तापाचें नांव ऐकूं आलें! शेतकऱ्याचा कान आम्हांस अधिक भला वाटतो.

कॅलिफोर्नियांत क्लॅमथ नदीकांठीं करुक लोक राहतात. त्यांच्या कथांत, आपल्या चिऊ-काऊप्रमाणेंच, पशुपक्षी माणसांसारखे बोलतात. किंबहुना माणसांच्या आधीं तेच जगांत होते. पुढें तेथील मुलांस वसतिशाळांत नेऊन मातृभाषा बोलण्यास बंदी करण्यांत आली. आज लहानपणापासून ती भाषा बोलत आलेले फारच थोडे उरले आहेत. हें आम्हीं पूर्वीं वाचिलें होतें व हळहळलोंही होतों. परंतु आपल्या हातांतील लाल शाईकडे कधीं पाहिलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं भरवर्गांत आम्हीं तो गुण परत दिला व चूक आमची होती असें सांगितलें. मुलगा कांहीं वेळ खालीं पाहत राहिला. मग उभा राहून म्हणाला, “सर, आजीला टिटवीची पण गोष्ट येते.”