एका फ्लॅटच्या दोन फायली

चिंचवडमध्ये मी प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देतो. 2016 च्या जुलैत वाकडच्या एकाच फ्लॅटच्या दोन फायली माझ्या टेबलावर होत्या, एक मालकाची आणि एक भाडेकरूची. भाडं वर्षाला 1 लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्याच्या (एचआरए) सवलतीसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो नंबर पाहिला आणि लक्षात आलं.

मालक आयटीत, 30 टक्क्यांच्या स्लॅबमधले. हा त्यांचा दुसरा फ्लॅट. कर्जाचं व्याज 6 लाख, भाडं 1 लाख 80 हजार. भाड्यातून आधी 30 टक्के प्रमाणित वजावट, मग सगळंच्या सगळं व्याज वजा. उरलेला 4 लाख 74 हजारांचा तोटा थेट पगारातून वळता झाला. सेस धरून जवळजवळ दीड लाखाचा कर वाचला, तोही पूर्ण कायदेशीर. भाडेकरू जोडप्याला तेवढंच कर्ज मिळून शेजारचा फ्लॅट राहायला घेता आला असता, तर व्याजाची वजावट फक्त 2 लाख. नवऱ्याचा स्लॅब 20 टक्क्यांचा, म्हणजे वाचले असते 41 हजार.

त्या जोडप्यातल्या ताईंनी घर घेतल्यावरच्या सवलतीचे नियम विचारले, मी सांगितले. त्या म्हणाल्या, “सर, राहायला घेणाऱ्यालाच कमी का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरं महागण्यात जमिनीच्या भावाचा वाटा मोठा, हे मान्य. पण नव्या स्कीमच्या बुकिंगला टॅक्स वाचवायला आलेली माणसं पुढे असायची, हे मी जवळून पाहिलंय. त्यांच्या व्याजाचा एक हिस्सा सरकारी तिजोरी उचलत होती. मग चार पैसे जास्त मोजायला त्यांना अडचण नव्हती. आणि 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांमध्ये 1 कोटी 10 लाखांवर घरं रिकामी होती!

2017 च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी भाड्याच्या घरावरच्या या तोट्याची वजावट वर्षाला 2 लाखांवर आणली. माझे काही क्लायंट नाराज झाले, मला मात्र तो निर्णय मनापासून पटला. पुढे 2019 मध्ये बंद ठेवलेल्या दुसऱ्या घराच्या काल्पनिक भाड्यावरचा कर माफ झाला. तिथे गाडी परत उलटी फिरली.

आता नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. भाड्याच्या घराचं व्याज मात्र त्या भाड्यातून वजा होतं. अर्थमंत्र्यांकडे माझं एवढंच मागणं आहे: सवलत द्यायचीच तर पहिल्या, राहत्या घराला द्या.