भुताशी कॅरम

काही गोष्टी माणसानं एकट्यानं केल्या तर लोक त्याला मान देतात, आणि काही गोष्टी एकट्यानं केल्या तर लोक त्याच्या बायकोला बाजूला घेऊन चौकशी करतात. आमच्या वर्धा जिल्ह्यात तर हा फरक फार पक्का आहे. गांधीजी 1936 साली सेगावात राहायला आले, त्या सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. तिकडे पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा बसले. तेव्हापासून एकट्यानं बसून सूत कातणाऱ्याकडे आमच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघत नाही. एकट्यानं फिरणं, एकट्यानं प्रार्थना, एकट्यानं मौन, सगळ्याला मान्यता आहे. पण तोच माणूस भर दुपारी कॅरमबोर्डासमोर एकटा बसला, की दाराशी आलेला सिलिंडरवालासुद्धा आवाज खाली आणून विचारतो, "काकाजी, तब्येत बरी आहे ना?"

खरं म्हणजे कॅरम हा चौघांचा खेळ. दोघांतही खेळतात, पण ते म्हणजे पंगतीऐवजी डबा खाण्यासारखं. आमची चौकडी पस्तीस वर्षं टिकली. तेवढ्या काळात दिल्लीत किती सरकारं आली नि गेली, पण आमच्या ओसरीवरची युती तुटली नाही. मग एकाला त्याची मुलगी नागपूरला घेऊन गेली, एकाच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, आणि माझ्यासमोर बसणारे मास्तर गेल्या वर्षी मुलाकडे पुण्याला गेले. 'समोर बसणारे' म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. कॅरममध्ये शेजारी बसतो तो शत्रू आणि समोर बसतो तो आपला. संसारात हे बरेचदा उलटं असतं, म्हणून नवख्यांचा गोंधळ होतो.

मास्तर गेल्यावर बोर्ड कपाटामागे उभा राहिला. मग घरात एवढी मोठी गुळगुळीत जागा रिकामी आहे हे सौभाग्यवतींच्या लक्षात आलं, आणि बोर्ड आडवा होऊन त्यावर तुरीची डाळ निवडली जाऊ लागली. डाळीचे खडे त्या चार भोकांत टाकायची सोयही होती. जाळ्यांत खडे साठताना मी पाहत असे आणि काही बोलत नसे.

अशातच मे महिन्यात पुण्याहून भाचा आला. हा पूल खेळतो. पूल म्हणजे धाम नदीवरचा नव्हे. हिरव्या कापडाच्या टेबलावर काठीनं चेंडू ढकलायचा. मी म्हटलं, "जोडीदार नसला की काय करतोस?" तो म्हणाला, "मामा, भुताशी खेळतो." मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे ठीक होते.

मग त्यानं समजावून सांगितलं. पूलवाल्यांमध्ये एकट्यानं सराव करायची ही जुनी रीत आहे. चेंडू आपणच मांडायचे, आपणच फोडायचे. मग पांढरा चेंडू हवा तिथं ठेवून एकेक चेंडू क्रमानं टाकत सुटायचं. सगळे टाकले तर डाव आपला. मध्ये एक जरी चुकला तरी डाव भुताचा, कारण भूत कधी चुकतच नाही. उरलेले सगळे चेंडू त्यानं टाकले असं समजायचं आणि वहीत त्याच्या नावानं रेघ मारायची.

भाचा गेला आणि मी बोर्डावरची डाळ डब्यात भरली.

कॅरमला हे नियम फारच छान बसतात. ब्रेक करणाऱ्याच्या सोंगट्या पांढऱ्या, म्हणजे माझ्या. नऊ पांढऱ्या आणि राणी मी एका दमात घेतली तर त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात. बोर्डावर भुताच्या नऊ काळ्या शिल्लक, त्यांचे 9 आणि राणीचे 3 मिळून 12 गुण मला. एक नेम चुकला, की भूत आपल्या नऊच्या नऊ काळ्या घेऊन मोकळं. माझ्या जेवढ्या पांढऱ्या उरल्या तेवढे गुण त्याचे, आणि राणी मी घेतली नसेल तर तिचे 3 वेगळे. गेम 25 चा. ब्रेकलाच काही पडलं नाही तर भुताचे 12. दुसऱ्या बोर्डालाही तसंच झालं तर 24. कुणाचेही 22 झाले की पुढे राणीचे 3 धरत नाहीत, हा नियम भुताला मान्य आहे. त्याला फक्त एक सोंगटी उरायला हवी असते. पहिले पंधरा दिवस आमचे सगळे गेम तिसऱ्या बोर्डातच आटोपत होते.

एक सांगतो, भूत माणसापेक्षा सभ्य. आपल्या नेमाच्या वेळी खोकत नाही. पावडर उधळत नाही. राणी घेतल्यावर मांडीवर थाप मारून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळवत नाही. ब्रेक दर वेळी मलाच देतं. फक्त हरत नाही. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून विचारणा झाली, "कोणाशी बोलून राहिले तुम्ही?"

"भुताशी."

"बरं. त्याला म्हणा, चक्कीवर दळण ठेवलं आहे, तेवढं घेऊन ये."

महिनाभर वहीत रेघा मारल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. माझा नेम रोज साधारण सारखाच होता; पण काही बोर्ड फुटल्याबरोबर हसत सुटत आणि काही फुटल्यावरही रुसूनच बसत. फरक नेमात नव्हता, मांडणीत होता. आणि मांडणी हे खातं पस्तीस वर्षं मास्तरांकडे होतं.

मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. मध्ये राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या, एक पांढरी एक काळी. "एका गोल नाण्याभोवती तशीच सहा नाणी बसतात. पाच नाही, सात नाही," ते म्हणायचे, जणू ही व्यवस्था त्यांनीच मंजूर करून आणली होती. सहांच्या बाहेर बारा. बाहेरच्या ओळीत आतल्या पांढरीला लागून पांढरी ठेवायची, मग काळी, मग पांढरी, असं फिरत यायचं. झालं की राणीपासून तीन दिशांना पांढऱ्यांच्या जोड्या निघतात आणि इंग्रजी वाय तयार होतो. आता हा वाय कुणीकडे वळवायचा, यावर आमच्या ओसरीवर जेवढी चर्चा झाली तेवढी वेगळ्या विदर्भावरही झाली नसेल.

अडचण अशी आहे, की बोर्डाच्या मध्यापासून पलीकडच्या दोन भोकांकडे रेघा ओढल्या तर त्यांच्यात 90 अंशांचा कोन होतो, आणि वायच्या दोन हातांमध्ये 120 अंशांचा. म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी दोन्ही भोकांकडे करता येत नाहीत. वायचं शेपूट आपल्याकडे ठेवून हात सारखे पसरले, तर प्रत्येक हात आपापल्या भोकापासून 15 अंश बाजूला राहतो. दोघांवरही अन्याय, पण सारखा. एक हात अचूक भोकाकडे वळवला, तर दुसरा भिंतीकडे तोंड करून बसतो. दोन सुनांच्या घरात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला ही भूमिती पाठ असते. मास्तर एकाच हाताचे पुरस्कर्ते होते. "एक तरी नक्की घ्या. दोघांना खूश करायला गेले की दोन्ही जातात."

दुसरी गोष्ट घट्टपणाची. स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा, आणि समोर पाच-साडेपाच ग्रॅमच्या एकोणीस सोंगट्या, म्हणजे शंभरेक ग्रॅमचा जमाव. एकट्यानं तो पांगवायचा, तर सोंगट्या एकमेकींना खेटून हव्यात. खेटून असल्या की धक्का एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जातो आणि पार पलीकडची सोंगटी सुटते. मध्ये केसाएवढी फट राहिली, की धक्का तिथंच विचारपूस करत बसतो. सरकारी अर्जासारखं. म्हणून मास्तर मांडून झाल्यावर दोन्ही तळहातांची ओंजळ करून सगळा गोल हलकेच आवळायचे, जसा लाडू वळताना शेवटचा दाब देतात तसा. तो आवाज, एकोणीस सोंगट्यांनी मिळून केलेलं ते बारीक 'टक्', मला महिनाभर साधत नव्हतं.

त्यात आमचा उन्हाळा. पारा 45 च्या वर गेला, की बोर्ड पापडासारखा कोरडा आणि सोंगट्या पाण्यासारख्या पळतात. पण माणूस पळत नाही. माणसासाठी कूलर लावावा, तर कूलरची ओली हवा बोर्डावर येते, पावडर धरते आणि सोंगट्या जड होतात. कूलर लावला तर बोर्ड बसतो, बंद केला तर खेळाडू. मी खिडकीतला कूलर बाजूच्या खोलीत हलवून मधला मार्ग काढला. तिथं कुणी नव्हतं, पण तत्त्वाचा प्रश्न सुटला.

मांडणीचं हे दुखणं आमचंच आहे असं मात्र समजू नका. स्नूकर हा खेळ 1875 साली जबलपूरला इंग्रज फौजी अधिकाऱ्यांनी काढला. म्हणजे आपल्याच जुन्या मध्य प्रांतात, जिथं त्या वेळी आमचा वर्धा जिल्हाही होता. त्यांनी चेंडू मांडायला त्रिकोणी चौकट वापरली. पूलवाल्यांचीही तीच. भाचा सांगत होता, की चेंडूंमध्ये बारीक फट राहिली की डावच बदलतो, त्यावरून मोठमोठ्या सामन्यांत वाद होतात, आणि म्हणून आता कागदासारखा पातळ प्लास्टिकचा साचा निघाला आहे. चेंडू त्याच्या खाचांत आपोआप खेटून बसतात. कॅरमला असा साचा नाही. कॅरममध्ये बाकी सगळं मोजून दिलं आहे. बोर्डाची आतली बाजू 74 सेंटिमीटर, भोक 4.45, मधलं मोठं वर्तुळ 17. अखिल भारतीय संघटना 1956 ची, आंतरराष्ट्रीय 1988 ची, तीही चेन्नईत जन्मलेली. पण शेवटी सोंगट्या मांडायच्या माणसाच्या दहा बोटांनीच. मोबाइलवरच्या कॅरमात त्या आपोआप मांडलेल्या येतात. नातू मला ते दाखवायला गेला होता. मी म्हटलं, मांडतं कोण? तो म्हणाला, कुणीच नाही. तर तो खेळ मी कुणाशी खेळू?

पावसाळा सरला, बोर्ड पुन्हा हलका झाला, आणि सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी ते 'टक्' वाजलं. वायचा उजवा हात मी पलीकडच्या उजव्या भोकाकडे वळवला होता. ब्रेकला दोन पांढऱ्या गेल्या. मग तिसरी, चौथी. पाचवी रिबाउंडवर. राणी घेतली, लगेच कव्हर दिलं. आठव्या सोंगटीच्या वेळी स्वयंपाकघरातली भांडी थांबली. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या होत्या, हात पदराला पुसत. नववी भोकाच्या काठावर जरा थबकली, वाकून आत पाहिलं आणि गेली. बोर्डावर नुसत्या नऊ काळ्या. घरात कुणीच बोलेना. भूत पहिल्यांदाच हरलं होतं, आणि हरलेल्याचं तोंड बघायला समोर कुणी नव्हतं.

"आता मास्तरांना फोन करा," ही म्हणाली. "नाही तर रात्रभर मला सांगाल."

फोन लावला. मास्तर पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतात. खाली बाग आहे, बागेत बाकं आहेत, बाकांवर वयस्कर माणसं आहेत. पण कॅरम कुणाला येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांना हातातला फोन ठेवता येत नाही, असं ते मागं सांगत होते. मी सगळं सांगितलं. ब्रेक, राणी, रिबाउंड, काठावरची नववी. पलीकडे बराच वेळ शांतता.

"वाय कुणीकडे होता?"

"उजवा हात उजव्या भोकाकडे. तुमच्यासारखा."

"आवळला होता?"

"आवळला होता. वाजला."

"मांडला कोणी?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

"मग नाही धरत," मास्तर म्हणाले.

"काऊन?"

"काऊन म्हणजे? आपणच मांडायचा, आपणच फोडायचा, याला काय अर्थ आहे? दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसनं येऊन राहिलो. मी मांडतो, तुम्ही फोडा. मग पाहू." जरा थांबून त्यांनी विचारलं, "बोर्ड ओसरीवरच आहे ना?"

"तिथंच आहे. गोरसपाक आणून ठेवतो. पण मास्तर, या भुताचं काय करायचं?"

"असू द्या त्याला. शेजारी बसवा," मास्तर म्हणाले. "समोर मी बसीन."