वऱ्हाड : मालकी एकाची, अंमल दुसऱ्याचा

उत्तरेला मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला बालाघाटचे पठार, पूर्वेला वर्धा नदी आणि मधोमध पूर्णेचे काळ्या कसदार मातीचे खोरे, म्हणजे पयनघाट. सुमारे १७,७०० चौरस मैलांचा हा मुलूख म्हणजे वऱ्हाड. आज त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. १८५३ ते १९४७ या काळात या मुलखाचा दर्जा हिंदुस्थानात अगदी वेगळा होता. तो ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हता आणि हैदराबाद संस्थानचा कारभारही तेथे चालत नव्हता. कायद्याने मालक निजाम, सारा वसूल करणारे आणि न्याय देणारे इंग्रज, आणि कष्ट करणारी वऱ्हाडी रयत, अशी ही व्यवस्था होती. तिचा उगम, तिची जडणघडण आणि तिचा शेवट चिखलदऱ्याहून अमरावतीमार्गे अकोल्याला जाणाऱ्या वाटेवर क्रमाने वाचता येतो.

ही वाट गाविलगडापासून धरावी. चिखलदऱ्याच्या पठाराला लागून, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंचीवर हा किल्ला पसरला आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४२५ मध्ये तो बांधून घेतला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटले, तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला. कानडी हिंदू घरातला हा मुलगा लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडात वाढला. गाविलगडाच्या शार्दूल दरवाजापाशी थांबले की या मूळ घराची आठवण होते. कमानीच्या वरच्या दगडांत सिंहाच्या अंगाचा शार्दूल कोरलेला आहे आणि सोबत दोन तोंडांचा गंडभेरुंड आहे. कर्नाटकातल्या राजवटींचे हे चिन्ह सातपुड्यातल्या मुसलमानी सुलतानाच्या दरवाजावर आजही स्पष्ट ओळखू येते.

इमादशाही जेमतेम ऐंशी-पंचाऐंशी वर्षे टिकली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली आणि १५९६ मध्ये चांदबिबीला तह करून वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले. १७२४ मध्ये आजच्या बुलडाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आपली सत्ता पक्की केली. तेव्हापासून वऱ्हाड नावाने निजामाचे झाले. पण नागपूरकर भोसल्यांचे घोडदळ दाराशीच होते. वसुलाची वाटणी ठरली आणि एकाच गावात निजामाचे व भोसल्यांचे असे दोन अंमलदार फिरू लागले. मालकी आणि अंमल यांची वऱ्हाडातली फारकत इंग्रज येण्याआधीच, या दुहेरी अंमलात सुरू झाली होती.

१८०३ मध्ये या फारकतीला नवे वळण मिळाले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात असईची लढाई जिंकून आर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला. २९ नोव्हेंबरला अकोटपलीकडे, आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगावच्या मैदानात भोसल्यांच्या फौजेशी त्याची गाठ पडली. तोफांचा पहिला मारा होताच असईत टिच्चून लढलेल्या कंपनीच्या काही पलटणी माघारी पळाल्या. वेलस्लीने त्या स्वतः सावरल्या आणि दिवस मावळण्याच्या आत लढाई जिंकली. तिथून तो गाविलगडाकडे वळला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून तोफा ओढत नेऊन उत्तरेकडच्या बाजूला मोर्चे लावले. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडले, गड पडला आणि किल्लेदार बेणीसिंग लढता लढता कामी आला. पुढे १८५८ मध्ये, बंडवाल्यांना आसरा मिळू नये म्हणून, इंग्रजांनी गडाची तटबंदी निकामी केली.

गडाखालच्या मुलखातच दोन मोठ्या सत्तांचे भवितव्य ठरले. १७ डिसेंबरला देवगावचा तह होऊन भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले काही मुलखासह तेवढे त्यांच्याकडे राहिले. ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. अंजनगाव आज पानमळ्यांसाठी आणि केळीच्या बागांसाठी ओळखले जाते; उत्तर हिंदुस्थानातली शिंद्यांची सत्ता आक्रसवणारा कागद त्या गावी सही झाला, हे तिथून जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. भोसल्यांनी सोडलेले वऱ्हाड इंग्रजांनी आपल्या दोस्ताला, म्हणजे निजामाला दिले. पुढे १८२२ च्या तहाने उरलेला मुलूखही निजामाकडे गेला. दोन अंमलदारांचा काळ संपला आणि मुलूख प्रथमच एकट्या निजामाच्या हाती आला.

घाट उतरून परतवाड्याला आले की पुढच्या करारांचे कारण समोर दिसते. परतवाडा म्हणजे अचलपूरची जुनी छावणी. अचलपूर, तेव्हाचे एलिचपूर, ही इमादशाहीची राजधानी होती. गावाभोवतीचा तट, वेशी, हौज कटोरा आणि दुल्हा रहमान शाहाचा दर्गा या शहराचे जुने वैभव सांगतात. शेजारच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी राहत. १७९८ च्या तहाने निजामाच्या दौलतीत तैनाती फौज आली होतीच, पण हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटांनी तिच्या जोडीला इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची ही वेगळी फौज उभी केली. हुकूम रेसिडेंटचा आणि पगाराचा बोजा निजामाच्या खजिन्यावर. खजिना रिकामा पडला की आधी पामर आणि कंपनीसारख्या पेढ्यांकडून जबर व्याजाने कर्ज निघे, मग सावकारांना परगणेच लावून दिले जात. मक्तेदार वसुलासाठी रयतेला पिळत, गावे ओस पडत आणि पुढच्या साली वसूल आणखी घटे.

शेवटी फौजेचा पगार कंपनी सरकार आपल्या तिजोरीतून देऊ लागले आणि ती रक्कम निजामाच्या नावे मांडत गेले. थकबाकी चाळीस लाखांवर गेली. लॉर्ड डलहौसीने हा हिशेब पुढे केला, रेसिडेंट कर्नल लो यांनी दडपण आणले आणि २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला निजामाने तहावर सही केली. फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब यांचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८५७ मध्ये हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्याची बक्षिसी १८६० च्या तहात मिळाली. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर दुआब परत गेले, पण वऱ्हाड राहिले. खर्च वजा जाता उरेल ती रक्कम निजामाला द्यायची होती, मात्र जमाखर्च दाखवण्याचे बंधन इंग्रजांनी काढून टाकले. कोरडवाहू मराठवाड्याला लागून असलेला, हमखास पिकणारा हा मुलूख सोडायची त्यांची तयारी नव्हती. निजामाचे दिवाण सालारजंग १८७६ मध्ये इंग्लंडला गेले आणि वऱ्हाड परत मिळावे म्हणून त्यांनी प्रयत्नांची शिकस्त केली, तरी उपयोग झाला नाही. सरकारी कागदोपत्री मुलखाचे नाव 'हैदराबादकडून लावून दिलेले जिल्हे' असे पडले.

परतवाड्याहून सुमारे पन्नास किलोमीटरवर अमरावती लागते. जुन्या शहराला वेढणारा दगडी परकोट निजामाच्या राजवटीत, १८०७ च्या सुमारास, पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून बांधायला घेतला. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, जवाहर गेट ही नावे आज वस्त्यांची आणि चौकांची झाली आहेत. वेशींखेरीज तटात लहान खिडक्या ठेवल्या होत्या. त्यांतल्या एकीला खुनारी खिडकी म्हणतात. मोहरमच्या वेळी तिच्यापाशी झालेल्या भीषण मारामारीचे ते नाव आहे. तट बांधण्याएवढी श्रीमंती या पेठेत कापसाने आणली होती. १८२५-२६ मध्येच एका पारशी पेढीने इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मुंबईला पोचवला होता.

१८५३ नंतर इंग्रजांनी वऱ्हाडचे पूर्व आणि पश्चिम असे भाग करून अमरावती व अकोला ही मुख्य ठाणी केली. पुढे सहा जिल्हे झाले. १९०५ मध्ये एलिचपूर अमरावतीत आणि वाशीम अकोल्यात विलीन होऊन चार उरले. शिक्षण, वकिली आणि वर्तमानपत्रे यांमुळे अमरावतीत एक जागृत वर्ग तयार झाला. १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन येथे भरले. चेट्टूर शंकरन नायर अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते लोकमान्यांचे स्नेही दादासाहेब खापर्डे. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षी, कायद्याने निजामाच्या असलेल्या भूमीवर देशभरचे पुढारी ब्रिटिश कारभाराचा हिशेब मागायला जमले होते.

पाच वर्षांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने मालकीचा प्रश्न कायमचा मिटवायचे ठरवले. हैदराबादला जाऊन त्याने सहाव्या निजामाशी, महबूब अली खानाशी बोलणे केले आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये करार झाला. वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व मान्य, पण मुलूख इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली गेले. साम्राज्यांच्या व्यवहारात ही रीत त्या काळी रुळत होती. १८७८ पासून सायप्रस बेटाचे मालक तुर्की सुलतान आणि कारभारी इंग्रज होते. १९०३ मध्येच कॅरिबियन समुद्रातील क्युबा बेटावरचा ग्वांतानामोचा उपसागर अमेरिकेने घेतला. तिथेही क्युबाचे अंतिम सार्वभौमत्व मान्य, ताबा पूर्ण अमेरिकेचा आणि भाडे वर्षाला २००० सोन्याचे डॉलर. वऱ्हाड आणि ग्वांतानामो, दोन्ही पट्ट्यांना मुदत नव्हती आणि दोन्ही ठिकाणी सही करणारा दुबळा पक्ष नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हता.

अमरावतीहून बडनेऱ्याला येऊन अकोल्याची गाडी धरली की इंग्रजांना वऱ्हाड सोडवत का नव्हते, ते रुळांवरच समजते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ भुसावळकडून पूर्णेच्या खोऱ्यात शिरला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. बडनेऱ्याहून अमरावतीला आणि जलंबहून खामगावला फाटे निघाले. स्टेशनांजवळ सरकी काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. मुर्तिजापूरला मोठ्या लाइनीच्या कडेला अडीच फूट रुंदीचा अरुंद रूळ दिसतो. यवतमाळ-मुर्तिजापूर-अचलपूर या सुमारे १९० किलोमीटरच्या मार्गावरची ही शकुंतला. किलिक निक्सन या व्यापारी घराण्याच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ती कापसासाठी टाकली. मँचेस्टरमध्ये १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन ती १९९४ पर्यंत ओढत होते. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला आणि सरकार गाडी चालवून तिला मोबदला देत राहिले. आता गाडी बंद आहे. अचलपूर-यवतमाळच्या गोरगरिबांची ती हक्काची गाडी होती आणि ती पुन्हा सुरू व्हावी ही मागणी रास्त आहे.

मुर्तिजापूरनंतर चाळीसेक किलोमीटरवर अकोला. मोर्णेच्या एका काठाला जुने शहर आणि १६९७ च्या सुमारास असदखानाने बांधलेला असदगड, तर दुसऱ्या काठाला स्टेशन, कचेऱ्या आणि कापूस बाजार. वऱ्हाडच्या कहाणीचा अखेरचा टप्पा या शहराशी बांधला गेला आहे.

पहिल्या महायुद्धानंतर उस्मान अली खान निजामाने वऱ्हाड परत मागितले. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने लेखी कळवले की ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. सर्व संस्थानांच्या दर्जाबद्दल पुढे हेच पत्र प्रमाण मानले गेले. इकडे वऱ्हाडी मतदारांची स्थिती विलक्षण होती. ब्रिटिश हिंदुस्थानच्या बाहेरचा मुलूख म्हणून त्यांनी निवडलेला माणूस आपोआप कौन्सिलचा सभासद होत नसे. निवडून आल्यावर सरकार त्याला नेमत असे. १९३६ च्या करारात निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम' हा किताब आणि युवराज आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कारभार होता तसाच राहिला.

रयतेने तोवर स्वतःचा आवाज शोधला होता. खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी मचूळ असते. शेतकऱ्याला नकोशा त्या पाण्यापासून १९३० च्या एप्रिलमध्ये अकोल्याजवळच्या दहिहांड्याला मीठ करून समुद्रापासून शेकडो मैल दूर मिठाचा कायदा मोडला गेला. त्याच वर्षी जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला.

८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोल्यात मराठी भागांतले पुढारी एकत्र बसले आणि अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्र व्हावा, त्यात महाविदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र असे दोन उपप्रांत असावेत, त्यांना वेगळी विधिमंडळे व मंत्रिमंडळे असावीत, असे ठरले. १८०३ पासून वऱ्हाडबद्दल इतके तह आणि करार झाले, पण त्यांतल्या एकालाही वऱ्हाडच्या माणसाची संमती विचारली गेली नव्हती. वऱ्हाडच्या प्रतिनिधींनी स्वतः बसून केलेला करार म्हणून अकोला कराराचे मोल मोठे आहे, मग त्यातली उपप्रांतांची योजना प्रत्यक्षात आली नाही तरी.

इंग्रजांची परमसत्ता गेली तेव्हा १९०२ आणि १९३६ च्या करारांचा आधारही गेला आणि निजामाचा दावा उभा राहिला. भारत सरकारने वऱ्हाडचा कारभार सोडला नाही. हैदराबादशी झालेला २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार आणि सप्टेंबर १९४८ मधील तिथली पोलीस कारवाई यांनंतर तो दावा संपला. २६ जानेवारी १९५० ला मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा मध्य प्रदेश झाला. राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तरी १ नोव्हेंबर १९५६ ला वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. १९९८ मध्ये वाशीम अकोल्यापासून पुन्हा वेगळा झाला आणि आजचे पाच जिल्हे, म्हणजेच अमरावती विभाग, पूर्ण झाले. कापसाच्या भावाचा, सिंचनाच्या अनुशेषाचा आणि वेगळ्या राज्याचा वाद येथे अजून चालू आहे. तो आता वऱ्हाडचे मतदार आणि त्यांनी निवडलेले प्रतिनिधी चालवतात.